कासवाचा नैवेद्य

आपल्याकडे जेवायला बसलेल्या माणसाने ‘पुरे’ म्हटलं की वाढणाऱ्याला वाटतं, हा लाजतोय. त्याने ताटावर आडवा हात धरला की वाटतं, हा फारच लाजतोय. मग बोटांच्या फटीतून का होईना, एक जिलबी त्याच्या ताटात पडतेच! तुम्ही-आम्ही सगळ्यांनी हे केलेलं आहे आणि सगळ्यांनी सोसलेलंही आहे. घरी जाऊन ओव्याची फक्की मारायची आणि पुढच्या वेळी आपल्या दारी आलेल्या पाहुण्यावर त्याचा सूड उगवायचा, अशी ही आपली जुनी रीत.

पंचवटीतल्या कुसुमताई या बाबतीत नावाजलेल्या. त्यांचे पती गंगाधर गुरुजी रामकुंडावर यात्रेकरूंचे विधी करतात. श्राद्ध म्हणा, अस्थिविसर्जन म्हणा, लांबलांबून माणसं येतात आणि विधी आटोपला की गुरुजींच्याच घरी त्यांची पानं मांडली जातात. या जेवणाऱ्या मंडळींना घरात ‘यजमान’ म्हणतात. यजमान मनमाडचा असो की थेट इंदूरचा, जेवून उठताना त्याने जमिनीला हात टेकला नाही, तर कुसुमताईंना दिवसभर चुकल्यासारखं वाटे. त्यांच्या सासूबाई, कुसाबाई, जाताना एकच गोष्ट सांगून गेल्या होत्या, “या घरातून कुणी अर्धपोटी जाता कामा नये.” कुसुमताईंनी ती आज्ञा इतकी मनावर घेतली, की पोट कधी भरलं हे ठरवायचा अधिकारसुद्धा त्यांनी जेवणाऱ्याकडून काढून घेतला.

माणसांचं ठीक आहे. माणसाला तोंड असतं, पाय असतात. अगदीच झालं तर तो गाडीची वेळ सांगून निसटू शकतो. पण यंदा या घरात असा एक पाहुणा आला, ज्याला बोलताही येत नव्हतं आणि पळताही येत नव्हतं.

कुसुमताईंची सून वल्लरी एका विमा कंपनीत नोकरीला आहे. मुलगा मयुरेश कामासाठी वर्षभर चेन्नईला, त्यामुळे घरात माणसं तीनच. वल्लरीची कचेरीतली मैत्रीण संध्या परदेशी निघाली आणि जाताना तिने आपलं पाळलेलं कासवाचं पिल्लू वल्लरीच्या ओंजळीत ठेवलं. लेपर्ड जातीचं कासव. मूळचं आफ्रिकेतलं, पाठीवर बिबट्यासारखे ठिपके म्हणून हे नाव. नाशिककरांना बिबट्या नवा नाही, उसातून उठून तो अधूनमधून कॉलनीत डोकावून जातो. पण तळहातावर मावणारा बिबट्या त्या गल्लीने पहिल्यांदाच पाहिला. संध्याने त्याची वन खात्याकडे रीतसर नोंदणी केली होती आणि ती वल्लरीच्या नावावर करूनही दिली होती. हे सांगितलेलं बरं, कारण आपल्याकडच्या रानातलं, पाठीवर चांदण्या असलेलं कासव घरात ठेवणं हा गुन्हा आहे. उगाच कुणी हौसेने भलत्या भानगडीत पडायला नको.

कुसुमताईंनी पिल्लू हातात घेतलं, डोळ्यांजवळ नेलं आणि म्हणाल्या, “अगं बाई, हा तर अनारसा! पाठीला खसखस कशी लागलीय बघ!”

नाव पडलं ते पडलंच.

“आई, याचं खाणं फार सोपं आहे,” वल्लरी म्हणाली. “गवत, पाला, जास्वंदीची पानं. सकाळी उन्हात ठेवायचं. बाकी काही म्हणजे काही नको.”

“गवत? अगं, आपल्या घरात कावळ्यालासुद्धा खीर-वडा मिळतो आणि याला गवत घालू? प्रत्यक्ष विष्णूचा अवतार आहे तो!”

वल्लरी हसली. तिला वाटलं, सासूबाई चेष्टा करताहेत. कुसुमताई मुळीच चेष्टा करत नव्हत्या. वल्लरी सकाळी कामाला बाहेर पडली की अनारशाची स्वारी खोक्यातून निघून देवघरात यायची. बाजारात मिळणारं पितळी कासव लोक पाण्याच्या ताटलीत ठेवतात, हे कुसुमताईंनी दहा घरी पाहिलेलं. मग जिवंत कासवाला तर पाणी हवंच, असा त्यांचा सरळ विचार! म्हणून तांब्याच्या ताम्हनात पाणी घालून त्यात त्या त्याला बसवत. बिचारं जमिनीवरचं कासव. ते अंग चोरून, मान आत घेऊन बसून राही आणि कुसुमताई कौतुकाने म्हणत, “बघा, कसं ध्यान लावलंय!”

मग नैवेद्य. आधी केळ्याचा तुकडा. मग साय, मग मऊ भात. गोडाची गंमत अशी, की ती माणसाला शिकवावी लागत नाही आणि कासवालाही लागत नाही. थोड्याच दिवसांत बांगड्यांचा आवाज आला की अनारसा मान लांब करून तुरुतुरु पुढे येऊ लागला. संध्याकाळी वल्लरीने समोर ठेवलेल्या पाल्याकडे तो ढुंकूनही बघेना. “हवा दमट आहे म्हणून असेल,” वल्लरी म्हणायची. कुसुमताई गालातल्या गालात हसायच्या. आपल्या हातची चव एका मुक्या जिवालाही कळली, या आनंदात त्या होत्या!

भाद्रपदात वल्लरीला कंपनीने प्रशिक्षणासाठी हैदराबादला पाठवलं, आणि नेमका पितृपक्ष लागला. पितृपक्ष म्हणजे गुरुजींच्या घरी दिवाळीहून अधिक धावपळ. रोज वडे, रोज खीर, रोज पंगत. पानं वाढण्याआधी गाईचा घास बाजूला काढायचा, कावळ्याचा काढायचा, ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. कुसुमताईंनी तिसरा घास काढायला सुरुवात केली. वल्लरी फोनवर विचारायची, “अनारसा कसा आहे?” त्या मनापासून सांगायच्या, “मस्त आहे गं! नुसता फुगलाय.”

खरंच फुगला होता तो.

आणि मग एका सकाळी बांगड्या वाजल्या, पण मान बाहेर आली नाही. कुसुमताईंनी केळं पुढे केलं. हालचाल नाही. डोळे मिटलेले, चिकटल्यासारखे, नाकपुड्या ओल्या. त्यांनी त्याला उचललं आणि त्यांच्या तोंडचं पाणीच पळालं. अंगठ्याखाली पाठ दबत होती! जे कवच दगडासारखं असायचं, ते बोटाने आत जात होतं. कुसुमताईंनी घाईघाईने मीठ-मोहरी ओवाळून दृष्ट काढली. दुपारी पुन्हा काढली. पण दृष्ट बाहेरच्याची लागते; इथे तर लागला होता घरचाच हात.

दुसऱ्या दिवशी, घटस्थापनेच्या सकाळी, वल्लरी घरी आली. तिने बॅगही खाली ठेवली नव्हती तोच कुसुमताईंनी पदराआडून ताम्हन पुढे केलं. वल्लरीने पिल्लाकडे पाहिलं, पाण्याकडे पाहिलं, कडेला चिकटलेल्या खिरीच्या शितांकडे पाहिलं. कुसुमताईंनी डोळे मिटून घेतले. आता ही काय बोलेल? आणि बोलली तर आपण काय उत्तर देणार?

“आई, चपला घाला,” वल्लरी एवढंच म्हणाली. “डॉक्टर जे विचारतील ते तुम्हालाच सांगता येईल.”

तिने अनारशाला कोरड्या फडक्यात गुंडाळलं आणि छातीशी धरलं. सारा रस्ता रिक्षात ती गप्प होती. चार शब्द ऐकवले असते तर बरं, असं कुसुमताईंना वाटत राहिलं.

डॉक्टर रोशनी देवरे मूळच्या सटाण्याकडच्या. कुत्री-मांजरं, गाई-म्हशी, पोपट, कासव, सगळं बघतात. त्या दवाखान्यात आल्या तेव्हा त्यांच्या बुटांना शेण लागलेलं होतं आणि चेहरा उतरलेला होता. त्यांनी अनारशाला हातात घेतलं, उलटंसुलटं केलं, कडा दाबून पाहिल्या.

“काय खातो हा?”

वल्लरीने सासूबाईंकडे पाहिलं. कुसुमताई सांगू लागल्या. सवयीने सुरुवातीला आवाजात थोडा अभिमानच होता. “वरण-भात... मऊ करून हं. केळं. तांदळाची खीर, त्यातले बेदाणे त्याला फार आवडतात. एकादशीला साबुदाण्याची खिचडी. संध्याकाळी दूध-पोळी...” डॉक्टरांचा चेहरा पाहत पाहत आवाज खाली येत गेला. शेवटचा ‘पोळी’ शब्द तर त्यांनी स्वतःशीच म्हटला.

“आणि राहतो कुठे?”

“देवघरात. पाण्याच्या ताम्हनात.”

डॉक्टरांनी अनारशाला कोरड्या फडक्यावर ठेवलं. मग स्टूल ओढून कुसुमताईंच्या समोरच बसल्या.

“काकू, हे जमिनीवरचं, गवतावरचं कासव आहे. उपासमार करून याला कुणी मारायला निघालं असतं ना, तर वेळ लागला असता. तुम्ही लाड करून ते काम लवकर केलंत.” शब्द कडक होते, आवाज मात्र मऊ होता. “हे वाढीचं वय आहे. याचं कवच म्हणजे याची हाडंच. त्यांना लागतं कॅल्शियम, आणि ते अंगी लागायला लागतं ऊन. तुमच्या भातात, खिरीत याच्या कामाचं काहीच नाही. गोडाने आतडी बिघडली, दुधाने पोट, ओलाव्यात राहून सर्दी छातीत उतरायला लागलीय.”

“पण तो आवडीने खायचा हो!” कुसुमताई कळवळून म्हणाल्या.

“लहान मुलापुढे गोळ्यांची बरणी ठेवली तर तेही आवडीनेच खाईल. आवडलं म्हणजे मानवलं असं थोडंच आहे?” डॉक्टर थांबल्या आणि आपल्या बुटांकडे बघत म्हणाल्या, “मी आत्ता कुठून आले, माहितीये? एका गोठ्यावरून. काल सर्वपित्री झाली. घरोघरी गाईला घास. वडे, खीर, पुरण, भात. प्रत्येक घराचा एकच घास, पण गाईचं पोट एकच आहे ना? ते चाऱ्यासाठी घडवलेलं. एवढं शिजलेलं अन्न त्यात आंबतं, फसफसतं, पोट नगाऱ्यासारखं फुगतं. आज पहाटेपासून दोन गाई आडव्या होत्या. एक उठली. एक नाही उठली.”

डॉक्टरांनी वाकून बुटाचं शेण कागदाने पुसलं.

“आणि काकू, गल्लीतल्या प्रत्येकाला वाटत असेल, आपण काल पुण्य केलं.”

आदल्या दिवशी कुसुमताईंनीही कोपऱ्यावरच्या गाईला भलामोठा घास दिला होता; शिवाय सासूबाईंच्या नावाने वर एक वडा. “हा वाचेल का हो?” त्यांनी विचारलं.

“इंजेक्शन मी देते. पण खरं औषध तुमच्या हातात आहे. हराळी घाला, भरपूर.”

“हराळी म्हणजे दूर्वाच की!”

“दूर्वाच. जास्वंदीची पानं-फुलं. तुतीचा पाला मिळाला तर उत्तम. द्राक्षाची पानंही चालतात, पण फवारणी केलेल्या बागेतली अजिबात नकोत. पालक नको, तो कॅल्शियम अडवून धरतो. काष्ठौषधींच्या दुकानात समुद्रफेस मिळतो, त्यात भरपूर कॅल्शियम असतं; त्याची पूड पाल्यावर भुरभुरवा. रोज थोडा वेळ कोमट, उथळ पाण्यात बसवा आणि लगेच कोरडं करा. सकाळचं ऊन खिडकीच्या काचेतून नाही, उघड्यावरचं. बाजूला सावलीही हवी.” मग त्यांनी कुसुमताईंच्या हातावर हात ठेवला. “आणि आता अवघड गोष्ट. त्याला गोडाची चटक लागलीय. जरा तरतरी आली की तो रुसेल. गवताला तोंड लावणार नाही. तुमच्याकडे बघत बसेल. त्या वेळी हात आवरायचा. एक बेदाणासुद्धा नाही. तेवढं जमलं तर वाचेल.”

घरी आल्यावर कुसुमताई स्वयंपाकघरात पाटावर बसल्या आणि रडायला लागल्या. ज्या हाताचं साऱ्या पंचवटीने कौतुक केलं, त्या हाताने एका चिमुकल्या जिवाला मरणाच्या दारात नेऊन सोडलं होतं. आयुष्यभर दुसरं केलं काय, तर खाऊ घातलं. आणि तेच चुकलं असेल तर राहिलं काय?

“मी त्याला आता हात लावणार नाही,” गुरुजी आत आले तेव्हा त्या म्हणाल्या. “वल्लरीने करावं सगळं. माझा हातच वाईट.”

गंगाधर गुरुजी तसे कमी बोलणारे. मंत्र सोडून त्यांच्या तोंडून दिवसाकाठी फारसे शब्द बाहेर पडत नाहीत. पण त्या दिवशी ते समोर मांडी घालून बसले.

“अगं, मला एक सांग. तू गणपतीला रोज तुळस वाहतेस का?”

“छे! काहीतरीच काय? गणपतीला रोज तुळस कोण वाहतं?”

“का? तुळस वाईट असते?”

“वाईट कशी असेल! विष्णूला तिच्यावाचून नैवेद्य पोचत नाही.”

“बरं. मग शंकराला केवडा?”

“अहो, केवडा शंकराला चालत नाही. त्याला बेल लागतो. तुम्ही मला काय विचारताय हे? जन्म गेला माझा यात.”

“तेच म्हणतोय मी. जन्म गेला तुझा यात. कुणाला दूर्वा, कुणाला बेल, कुणाला तुळस, तू कधी चुकली नाहीस. देवाचं ज्याचं त्याला देतेस. ‘मला केवडा आवडतो म्हणून घे रे शंकरा केवडा’ असं कधी म्हणालीस? मग ज्या जिवाला देवाने एक ठरावीक पोट देऊन पाठवलंय, त्याच्यावर तेवढी तुझी आवड का लादायची?”

कुसुमताईंचं रडणं थांबलं.

“हात वाईट नाही तुझा,” गुरुजी म्हणाले. “चूक झाली ती न विचारता वाढलंस, एवढीच. आता विचारून वाढ. ज्या हाताने बिघडलं, त्याच हाताने सुधारू दे. आणि चूक काय तुझी एकटीची? कावळ्या-गाईचे घास मीच लोकांना सांगत आलो. गाईच्या पोटात काय होतं हे मी तरी कुठे कुणाला विचारलं?”

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणातल्या हराळीच्या वाफ्यात कुसुमताई उकिडव्या बसल्या होत्या. एरवी त्या तिथे देवासाठी कोवळ्या दूर्वा खुडत, आज कासवासाठी खुडत होत्या. समुद्रफेस खलबत्त्यात कुटला. कोमट पाण्यात मनगट बुडवून पाहिलं, मयुरेशच्या न्हाणाच्या वेळी बघायच्या तसं. वल्लरी कामाला जायच्या आधी डोळ्यांत औषध घालून जाई. बाकी सगळं कुसुमताईंचं.

दोन-चार इंजेक्शनांनी अनारशाचे डोळे उघडले. मान बाहेर आली. आणि डॉक्टर म्हणाल्या होत्या तसाच तो रुसला! पुढ्यात हिरवागार ढीग, त्यावर जास्वंदीचं लालबुंद फूल, आणि हा पाठ फिरवून बसलेला. एक दिवस गेला, दुसरा गेला. ज्या बाईने आयुष्यात कुणाला अर्धपोटी उठू दिलं नाही, तिच्या डोळ्यांदेखत घरातला जीव उपाशी बसला होता.

एका सकाळी घरात कुणी नव्हतं. गुरुजी आतल्या खोलीत सप्तशतीचा पाठ करत होते, तेवढेच. कुसुमताई देवीच्या नैवेद्याचं ताट घेऊन अंगणातून चालल्या होत्या. ताटात सोललेलं केळं होतं. बांगड्या वाजल्या. अनारशाने मान वळवली. वास आला असावा. तो उठला, आणि डळमळत, थांबत थांबत त्यांच्या पायापर्यंत आला आणि वर मान करून बघू लागला.

वाचकहो, सांगा, तुम्ही काय केलं असतं? एवढासा तुकडा! कुणी बघत नव्हतं. डॉक्टर नव्हत्या, सून नव्हती. कुसुमताईंचा हात ताटाकडे गेलासुद्धा. देण्यात त्या आयुष्यभर तरबेज होत्या. न देणं त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं.

त्यांनी ताट उंच कट्ट्यावर ठेवलं. मग खाली बसल्या, हराळीची एक काडी चिमटीत धरून त्याच्या तोंडासमोर नेली आणि दुसरा हात पदरात घट्ट गुंडाळून घेतला. “नाही राजा,” त्या म्हणाल्या. “माझं ऐक. हेच तुझं आहे. ते माझं होतं.”

काडी हवेत तशीच राहिली. खांदा भरून आला. अनारशाने तोंड फिरवलं, पुन्हा वळवलं, काडीला नाक लावलं.

आणि कचकन तोडलं!

“अहो!” कुसुमताई ओरडल्या. “अहो, इकडे या! लवकर या!”

पाठ करताना मधे उठायचं नसतं. पण बायकोच्या आवाजात असं काही होतं, की गुरुजी पोथीवर फूल ठेवून धावत बाहेर आले. अनारसा दुसरी काडी ओढत होता. कुसुमताईंच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि त्या हसत होत्या.

“खाल्लं हो त्याने! माझ्या हातून खाल्लं!”

गुरुजींनी अंगणातच हात जोडले. कुणाला जोडले ते त्यांचं त्यांना ठाऊक.

तेव्हापासून या घरात बऱ्याच गोष्टी बदलल्या. गाईचा घास अजूनही निघतो, पण तो हिरव्या चाऱ्याचा. गुरुजी आता प्रत्येक यजमानाला सांगतात, “शिजलेलं अन्न नको, चारा द्या, पुण्य कमी होत नाही, मी शब्द देतो.” आणि पंगतीत तर नवलच घडलं. नामपूरचे एक म्हातारे यजमान जेवायला बसले होते. त्यांनी ताटावर हात धरला आणि म्हणाले, “बस माय, पोट भरी गयं.” कुसुमताईंच्या हातात जिलबीचं ताट होतं. त्या थांबल्या, म्हणाल्या, “बरं बाबा,” आणि पुढच्या पानाकडे वळल्या. म्हाताऱ्याने डोळे विस्फारून गुरुजींकडे पाहिलं. मग उठताना न मागता आशीर्वाद देऊन गेला.

दिवाळीनंतर सासू-सून दोघी अनारशाला घेऊन दवाखान्यात गेल्या. डॉक्टरांनी कवचावर अंगठा दाबला. जोर लावून दाबला. कवच हललं नाही. त्यांनी नखाने टिचकी मारली, टक्‌ असा आवाज आला.

“काकू, वाचवलंत तुम्ही याला.”

“मी?” कुसुमताईंनी हात जोडले. “डॉक्टर, त्या दिवशी तुम्ही माझी भीड ठेवली असती तर मी आजही त्याला खीर भरवत असते. खरं बोललात, फार उपकार झाले.”

परत येताना रिक्षात त्यांचं लक्ष वल्लरीकडे गेलं. ती मांडीवरच्या डब्यात हळूच हराळी सारखी करत होती. कुसुमताईंना त्या दिवशीची रिक्षा आठवली.

“वल्लरी, त्या सकाळी तू मला एक शब्दही बोलली नाहीस. मी विसरणार नाही हो ते. दुसरी कुणी असती तर घर डोक्यावर घेतलं असतं.”

“काय बोलणार, आई? तुम्ही वाईट व्हावं म्हणून थोडंच केलं होतं? तुम्ही प्रेमाने वाढत होतात. प्रेमाने वाढणाऱ्याला ‘नको’ म्हणणं किती अवघड असतं, ते मला माहितीये.”

ती हे सहज बोलून गेली, आणि बाहेर बघायला लागली. पण कुसुमताईंच्या मनात ते वाक्य खोल गेलं. त्या बराच वेळ सुनेच्या तोंडाकडे बघत राहिल्या. ही येवल्याची पोर आपल्या घरात येऊन इतकी वर्षं झाली. रोज तिच्या पानात साजूक तुपाची धार, गोड वरण, डब्यात मऊ पोळ्यांची चळत. रोज आग्रह. आणि तिने रोज मान खाली घालून ते खाल्लं.

“वल्लरी,” त्यांनी विचारलं, “तुला काय खायला आवडतं गं?”

वल्लरीने चमकून पाहिलं. तिच्या ओठांवर ‘काहीही चालेल, आई’ हे ठरलेलं उत्तर आलंच होतं. पण कुसुमताई उत्तराची वाट बघत होत्या, हातात काही न घेता, नुसत्या वाट बघत होत्या.

“बाजरीची भाकरी,” ती हळूच म्हणाली. “आणि ठेचा. आमच्याकडे रोज असायची. थोडीशीच, आई. सकाळी मला फार खाता येत नाही.”

“एवढंच?”

“एवढंच.”

“आणि हे तू आज सांगतेस?”

“तुम्ही आज विचारलंत ना!” वल्लरी हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले.

मंडळी, अन्नदान मोठं आहेच. त्याची थोरवी कुणी सांगायला नको. पण ज्याला वाढायचं त्याचं पोट, त्याचं वय, त्याचा स्वभाव न विचारता ताटात ओतलेलं अन्न हे दान नव्हे, ती आपलीच हौस असते. रस्त्यातल्या कुत्र्याला क्रीमची बिस्किटं टाकताना, घाटातल्या माकडापुढे वेफर्सचा पुडा फोडताना, गाईपुढे पुरणपोळी धरताना, आणि हो, घरच्या माणसाच्या ताटात ‘आणखी एक’ टाकताना क्षणभर थांबू या. मुक्या जिवाचं जाणकाराला विचारू या, आणि ज्याला तोंड आहे त्याला त्याचं त्यालाच विचारू या. अति तिथे माती, हे आपल्या पूर्वजांनी उगाच म्हटलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी कुसुमताईंनी जन्मात पहिल्यांदा बाजरीचं पीठ मळलं. भाकरी थापताना कडेला चिरली, तव्यावर टाकताना दुमडली, एका बाजूने करपली. वल्लरीने ती पुढ्यात घेतली, मोडली, ठेच्यासोबत शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ली आणि स्वतःहून ताट पुढे केलं.

“आई, अजून थोडी वाढा ना.”

या घरात हजारो माणसं जेवून गेली. पण मागून घेतलेला घास वाढण्याचं सुख कुसुमताईंना त्या सकाळी पहिल्यांदा कळलं.